पाणी कमी प्या

ऑपरेशनला सहा दिवस झाले होते. सकाळी ड्रेसिंगला आलेल्या सिस्टरांनी गॉज उचललं, क्षणभर पाहिलं आणि तसंच परत ठेवलं. "डॉक्टरांना बोलावते," एवढंच म्हणाल्या. मी मान उचलून बघितलं. टाक्यांच्या खालच्या टोकाशी हिरवट-पिवळा डाग पसरला होता. रक्त नव्हतं, पूही नव्हता. उलट्या होऊन होऊन शेवटी कडू पित्त पडतं ना, तसला वास येत होता.

फार पूर्वीच्या एका ऑपरेशनमुळे माझी आतडी आत एकमेकांना चिकटली होती. त्यातून अडथळा झाला म्हणून पुन्हा पोट उघडावं लागलं. ती सोडवताना कुठे इजा झाली की नवा जोड सुटला, हे शोधत बसायची ती वेळ नव्हती. आतड्यातला रस पोटाच्या जखमेतून बाहेर येऊ लागला होता. याला फिस्टुला म्हणतात. आपल्याकडे फिस्टुला म्हटलं की लोकांना भगंदर आठवतं, त्यामुळे फोन करणाऱ्या प्रत्येकाला 'ते नव्हे हो' हे समजावण्यात बायकोचे दोन दिवस गेले. आतड्याचे असे फिस्टुला बहुतांशी ऑपरेशननंतरच होतात, चारांतले तीन तरी.

मला वाटलं होतं, आता खाण्यापिण्याचं काहीतरी सुरू होईल. पहिला आठवडा त्याचं कुणी नावही काढलं नाही. सीटी स्कॅनमध्ये आत पू साचलेला दिसला. तो नळी घालून काढला, अँटिबायोटिक चालू झाली. आहारतज्ज्ञ मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा बायकोने त्यांना अडवून विचारलं, "अहो, यांचं वजन बघा किती उतरलंय, काही देत का नाही?" त्या म्हणाल्या, "अंगात जंतुसंसर्ग पेटलेला असला की आपण घालू ते सगळं त्या आगीत जातं. जखम भरायला काही उरत नाही. आधी पू, मग पोषण." दोन-तीन दिवसांत ताप उतरला आणि मग खरं काम सुरू झालं.

या काळात माझ्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे एक प्लास्टिकचा मापाचा जग. जखमेवर चिकटवलेल्या पिशवीला खाली तोटी होती. दर काही तासांनी सिस्टर तोटी उघडून रस जगात घ्यायच्या, डोळ्यांच्या पातळीला धरून आकडा बघायच्या आणि तक्त्यात लिहायच्या. चोवीस तासांत २०० मिलीच्या आत असेल तर कमी, ५०० च्या वर गेला तर जास्त. माझा आकडा १,६०० होता.

"मी तर काही खात नाही, मग हे येतं कुठून?" मी विचारलं. तेव्हा कळलं की आपण जेवलो नाही तरी थुंकी, जठराचा रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, लहान आतड्याचा रस असे मिळून दिवसाला काही लिटर द्रव आतड्यात उतरत असतो. धडधाकट माणसाचं आतडं तो पुढे गेल्यावर परत शोषून घेतं, म्हणून पत्ता लागत नाही. माझ्या आतड्याला वरच्या भागातच भोक होतं. शोषणारा भाग खाली शिल्लक होता, पण तिथवर काही पोचतच नव्हतं. त्या रसात नुसतं पाणी नव्हतं. मीठ, मॅग्नेशियम, जस्त, प्रथिनं सगळंच होतं. शिवाय पचवणारे रसही होते, आणि पिशवीची कड जरा जरी सुटली की ते माझीच कातडी पचवायला घ्यायचे. ती आग सांगून कळणार नाही. जखमेच्या आकाराचा कागद कापून, त्याबरहुकूम पिशवीला भोक पाडून, कडेने पेस्ट भरून चिकटवायला अर्धा तास लागायचा, आणि ती सिस्टर सुट्टीवर असली की माझी रात्र खराब जायची.

तोंड बंद, तर अन्न शिरेतून. दंडातून एक बारीक, लांब नळी छातीतल्या मोठ्या शिरेपर्यंत सरकवली. हिला पिक लाइन म्हणतात. त्यातून टीपीएन, म्हणजे संपूर्ण पोषण थेट रक्तात. पिशवीला तीन कप्पे असतात: ग्लुकोज, अमिनो आम्लं, आणि दुधासारखं पांढरं स्निग्ध. सिस्टर पिशवी टेबलावर ठेवून वरून गुंडाळत दाबायच्या, मधले पडदे 'फट्' करून सुटायचे आणि सगळं मिसळून पांढरं व्हायचं. मग त्यात जीवनसत्त्वांचं पिवळं इंजेक्शन आणि सूक्ष्म खनिजं. उजेडाने जीवनसत्त्वं खराब होतात म्हणून वर झाकण.

माझं वजन ६८ वरून ५२ किलोवर आलं होतं. हिशेब असा होता: किलोमागे साधारण ३० कॅलरी, म्हणजे दीड हजाराच्या आसपास, आणि प्रथिनं किलोमागे दीड ते दोन ग्रॅम, म्हणजे ८० ते १०० ग्रॅम. पण पहिल्या दिवशी दिल्या जेमतेम ५००. दादा, माझा थोरला भाऊ, भडकलाच. "उपाशी माणसाला अर्धपोटी ठेवायची ही कुठली रीत?" त्याचं चुकत नव्हतं, दिसायला तसंच दिसत होतं. मॅडमनी त्याला बाहेर नेऊन समजावलं. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम साखर मिळाली की इन्सुलिन उसळतं, आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींमध्ये ओढलं जातं. रक्तातला साठा कोसळतो, हृदय आणि श्वास दोन्ही अडचणीत येतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या कैद्यांना पोटभर खायला घातलं तेव्हा त्यांतले काही असेच दगावले होते. म्हणून आधी थायमिनचं, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन, मग थोडं थोडं वाढवत जायचं आणि रोज रक्त तपासायचं. एवढी काळजी घेऊनही तिसऱ्या दिवशी माझं फॉस्फेट घसरलंच. वाढवायचं थांबवलं, फॉस्फेट चढवलं, दोन दिवस तिथेच राहिलो. दादा नंतर त्याबद्दल एक शब्द बोलला नाही.

रात्री झोप नसायची. पंपाचा आवाज, वर टांगलेली ती पांढरी पिशवी आणि तिच्याकडे बघत पडलेला मी. एका रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरने या पिशवीचा जन्म सांगितला. १९६० साली अमेरिकेत एडमंड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिस्टुलाच्या १५७ रुग्णांचा लेखाजोखा मांडला होता, त्यांतले ४३ टक्के दगावले होते. कारणं तीन: जंतुसंसर्ग, कुपोषण, क्षारांचा बिघडलेला तोल. त्यानंतर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्टॅन्ली डड्रिक आणि मंडळींनी बीगल जातीच्या कुत्र्यांच्या पिल्लांना केवळ शिरेतून अन्न देऊन वाढवलं. पिल्लं चक्क मोठी झाली. हे काम १९६८ मध्ये प्रसिद्ध झालं. पहाटे तीन वाजता हे ऐकून मला त्या पिल्लांविषयी माया वाटली. माणसांपेक्षा त्यांचं आणि माझं जास्त जुळत होतं.

भूक मात्र सुसह्य होती, खरंच. पिशवी चालू असली की पोटात खड्डा पडायचा नाही. वास आला की मन जायचं, एवढंच. तहान मात्र वैरीण होती.

टीपीएन बसल्यावर मला थोडं थोडं तोंडाने घ्यायची परवानगी मिळाली होती, पण साधं पाणी दिवसाला अर्धा लिटरच्या आत. जीभ टाळूला चिकटायची. ओठांना भेगा पडल्या होत्या. शिरेतून दोन-तीन लिटर जात असूनही अंगभर वाळवंट. आयुष्यभर ऐकलेलं काय? पाणी भरपूर प्या. आजारात तर आणखी प्या. आणि इथे मला कुणीतरी शिक्षा म्हणून पाणी तोडलं होतं, असंच वाटायचं.

मग एके दिवशी मी चोरी केली. चूळ भरायच्या निमित्ताने बाथरूममध्ये गेलो आणि बेसिनच्या नळाला तोंड लावून प्यालो. दोन दिवस हा उद्योग चालला. अंदाजाने रोज दीडएक लिटर प्यालो असेन. गंमत अशी की तहान भागली नाही, उलट वाढली. दुसऱ्या दिवशी जगातला आकडा २,४५० झाला. लघवी कमी आणि गडद झाली. रात्री पोटऱ्यांत असा गोळा आला की मी ओरडलो. सकाळी उठून उभा राहिलो आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन पलंगावर बसलो. वजन एका दिवसात सव्वा किलोने उतरलं होतं.

मॅडम आल्या. तक्ता बघितला, माझ्याकडे बघितलं. "किती प्यालात?" मी सांगितलं. रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आज लघवीतलं सोडियम तपासू या." ते जवळजवळ नाहीच निघालं. म्हणजे मीठ इतकं संपलं होतं की मूत्रपिंडं कणही सोडायला तयार नव्हती.

त्यांनी पुढे जे सांगितलं ते मला आज पाठ आहे. लहान आतड्याच्या वरच्या भागाचं अस्तर सैल विणीचं असतं. आत बिनमिठाचं पाणी आलं की अस्तरातून मीठ त्या पाण्यात उतरतं, आतलं पाणी जवळपास रक्ताच्या खारटपणाकडे जाईपर्यंत. एरवी हे मीठ पुढच्या आतड्यात परत मिळतं. पण ज्याचा रस्ता वरच तुटलाय, त्याचं मीठ पाण्याबरोबर थेट पिशवीत. म्हणजे मी जितकं पाणी पीत होतो, तितकं माझंच मीठ धुऊन बाहेर काढत होतो. मीठ गेलं की त्यामागे अंगातलं पाणी गेलं, आणि पाणी गेलं की तहान. चहा, कॉफी, फळांचे रस, सगळ्यांचा हाच खेळ. गोड सरबतं तर आणखी वाईट, कारण दाट साखर आतड्यात पाणी ओढून घेते.

उपाय म्हणजे पाणी आणि मीठ एकत्र, आणि सोबतीला थोडं ग्लुकोज. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज शिरताना सोडियमचा हात धरून शिरतं आणि त्यांच्यामागे पाणी जातं. द्रावणाचं माप मी भिंतीवर चिकटवलं होतं: एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाच्या नावाने ते ओळखलं जातं. चव? समुद्रात कुणीतरी साखर सांडल्यासारखी. फ्रिजमध्ये गार करून, स्ट्रॉने, दिवसभर घोट घोट घेतलं तर जातं. एकदम ग्लास रिकामा करायचा नाही. शेजारच्या खाटेवरच्या काकांना मूत्रपिंडांचा विकार होता, त्यांना हे द्रावण दिलं नव्हतं. त्यामुळे मी प्यालो म्हणून कुणी आपल्या मनाने सुरू करू नये.

चौथ्या दिवशी आकडा १,२०० वर आला. पोटऱ्या गप्प झाल्या. आणि एका दुपारी लक्षात आलं की बराच वेळ मला तहान आठवलीच नाही.

त्याबरोबर औषधंही होती. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या, म्हणजे जठराचा रसच कमी सुटतो. लोपेरामाइड जेवणाआधी अर्धा तास, नेहमीच्या जुलाबाला देतात त्यापेक्षा बऱ्याच मोठ्या मात्रेत, त्यासाठी मधूनमधून ईसीजी. आतड्यातले रस कमी करणारी ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं आठवडाभर देऊन पाहिली. त्यांचा मला उपयोग झाला नाही, फक्त ती झोंबायची.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे तोंडाची चव पूर्ण गेली आणि ओठांच्या कडेला, नाकाशी पुरळ उठलं. जस्त संपलं होतं. आतड्यातून वाहणाऱ्या प्रत्येक लिटरमागे ते जातं, आणि नेहमीच्या मात्रेत तेवढी भरपाई होत नाही. ते वाढवल्यावर दहा-बारा दिवसांत कातडी सुधारली, चव त्याहून सावकाश परतली.

दुसरी गोष्ट गंभीर. एका संध्याकाळी पिशवी जोडली आणि तासाभरात मला अशी हुडहुडी भरली की पलंगाचे कठडे वाजायला लागले. ताप १०३ वर. लाइनमध्ये जंतू शिरले होते. दोन दिवसांपूर्वी कुणीतरी घाईत त्याच नळीतून रक्त काढलं होतं. मी बघत होतो आणि बोललो नाही, कारण त्यात काही चूक आहे हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. टीपीएनची वाट ही फक्त टीपीएनची असते. तिच्यातून रक्त काढायचं नाही, दुसरं औषध सोडायचं नाही. लाइन काढावी लागली, रक्ताचे नमुने गेले, पाच दिवस नुसतं सलाईन आणि अँटिबायोटिक. कमावलेलं वजन गेलं. नवी लाइन बसल्यावर मी स्वतः पहारेकरी झालो. नळीच्या तोंडाला हात लावायच्या आधी स्पिरिटने पंधरा सेकंद घासलं का, सुकू दिलं का, मी मोठ्याने मोजायचो. काही सिस्टर हसायच्या, एक-दोघी चिडायच्या. मोजणं मी सोडलं नाही.

वजनाविषयीही माझा भ्रम असाच उतरला. एका आठवड्यात तीन किलो वाढलं म्हणून घरच्यांनी आनंद साजरा केला. मॅडमनी अंगठ्याने माझ्या नडगीवर दाबलं आणि खड्डा दाखवला. ते पाणी होतं. दादाची भिस्त अल्ब्युमिनवर, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनावर होती, रिपोर्टमध्ये ते २.१ बघून तो प्रथिनांच्या पावडरी शोधत बसायचा. तो आकडा खाण्यापेक्षा जंतुसंसर्गाने जास्त हलतो, हे त्याला पटायला वेळ लागला. मॅडमचा विश्वास मुठीवर होता. हातात धरून दाबायचं एक यंत्र असतं, त्यावर मी सुरुवातीला १७ किलोचा जोर लावला होता. दर पंधरवड्याला तोच खेळ. १९, मग लाइनच्या तापानंतर पुन्हा १७, मग २२.

दीड महिना उलटला. आपोआप बंद होणारे फिस्टुला, साधारण तिसरा हिस्सा, बहुतेक या मुदतीत बंद होतात. माझा झाला नाही. जखमेच्या तळाशी आतड्याचं लालबुंद अस्तर कळीसारखं बाहेर उमललेलं दिसत होतं. अस्तर कातडीला येऊन मिळालं की ते तोंड आपणहून मिटत नाही. दादा म्हणाला, "मग करून टाका ना पुन्हा ऑपरेशन." सर्जननी ठाम नकार दिला. पोट आतून अजून कच्चं होतं, सगळं एकमेकांत गुंतलेलं. आत्ता हात घातला तर एकाची तीन भोकं होतील, म्हणाले. सहा महिने तरी थांबा. ऑपरेशनपेक्षा हे 'थांबा' ऐकणं मला जड गेलं. घरचं बळ मोजून, तालीम करून, रात्रीच्या टीपीएनवर मला घरी सोडलं. बायको हात धुण्यापासून पंप लावण्यापर्यंत सगळं शिकली. रात्री बारा तास पिशवी, दिवसा मोकळा. मऊ, कमी चोथ्याचं आणि भरपूर मिठाचं थोडं थोडं खाणं.

चौथ्या महिन्यात यकृताचे आकडे चढू लागले, टीपीएनचं हे दुखणं ठरलेलं. तेव्हा सर्जननी एक वेगळीच कल्पना काढली. जखमेत दोन तोंडं होती, एक वरून येणारं, एक खाली जाणारं. खालच्या तोंडातून औषध सोडून एक्स-रे काढले. पुढे मीटरभराहून जास्त आतडं धड होतं, कुठे अडथळा नव्हता. मग त्या खालच्या तोंडात फुग्याची नळी घालून अन्न तिथूनच सोडायचं. याला फिस्टुलोक्लायसिस म्हणतात. इंग्लंडमध्ये सॅलफर्डच्या पथकाने २००४ मध्ये असे १२ रुग्ण प्रसिद्ध केले होते, त्यांतल्या ११ जणांचं टीपीएन सुटलं.

पहिल्या रात्री तासाला ३० मिली. पोट गुरगुरलं, कळा आल्या, मी पंप बंद केला. दुसऱ्या रात्रीही तेच. चार महिने कामाविना बसलेलं आतडं होतं ते, त्याला एकदम कामाला लावलं की कुरकुरणारच. आठवड्याने ५०, मग ७०, मग ९०. आणि एका सकाळी मला संडासला झाली. चार महिन्यांत पहिल्यांदा. मी आतूनच बायकोला हाक मारून सांगितलं. शेजारच्यांनाही ऐकू गेलं असणार.

टीपीएनच्या रात्री सातावरून चार झाल्या, चारावरून दोन, सहाव्या आठवड्यात लाइन काढली. यकृताचे आकडे उतरले. मुठीचा जोर २९.

आठव्या महिन्यात ऑपरेशन झालं. वजन ६१ होतं. सहा तास लागले. खालचं आतडं वापरात राहिल्यामुळे चांगलं जाड, जोडायला सोपं मिळालं, असं सर्जन नंतर म्हणाले. पुन्हा तसलाच सहावा दिवस आला. सिस्टर ड्रेसिंगला आल्या. मी छताकडे बघत राहिलो. त्यांनी गॉज उचललं, आणि ते कोरडं होतं.

त्या दुपारी राऊंडला डॉक्टर म्हणाले, "आता हळूहळू साधं पाणी सुरू करा." बायकोने ग्लास भरून दिला. मी अर्धा प्यालो, टेबलावर ठेवला आणि चादर सरकवून पोटाकडे बघत बसलो. बराच वेळ. बायको म्हणाली, "अहो, पिऊन टाका ना उरलेलं." म्हटलं, थांब जरा.